कोल्ड स्टोरेजमधला हिवाळा

संपादकांनी फोनवर सांगितलं, "तुमच्या व्यवसायातले प्रेरणादायी क्षण लिहा." मी रत्नागिरीबाहेरच्या कातळावर सगळा जन्म आंब्या-काजूची कलमं बांधली. कलम बांधताना पाठीत कळ येते. प्रेरणा आल्याचं आठवत नाही. तेव्हा मी यशाबद्दल लिहिणार नाही. यशस्वी कलमं लोकांच्या बागांत उभी आहेत, ती ज्याला पाहायची त्याने पाहावीत. मी लिहिणार आहे ते एका झाडाबद्दल, जे इथे जगणं शक्यच नव्हतं आणि जे मी तरीही लावलं.

आधी धंद्याची थोडी ओळख. नर्सरीचं पोट भरतं हापूसच्या कलमांवर. पण एका कोपऱ्यात मी बोन्साय करत असे. सरकारी प्रदर्शनात त्याला 'वामनवृक्ष' म्हणतात, म्हणजे फीत कापायला येणाऱ्याला बोलायला सोपं जातं. एका पाहुण्याने माझ्या उंबराकडे पाहून "निसर्ग आणि मानव यांच्यामधला सेतू" असं भाषण केलं आणि खाली उतरल्यावर हळूच विचारलं, "याला खत कमी घालता का?" आमच्या भागात झाड मोठं होत नाही हीच मुख्य तक्रार असल्यामुळे, मुद्दाम लहान ठेवणाऱ्या माणसाकडे लोक जरा संशयानेच बघतात. गिऱ्हाइकं येत ती शहरातली. एका फ्लॅटमधल्या बाईंनी माझ्याकडून वडाचं बोन्साय नेलं ते वटपौर्णिमेसाठी. टीपॉय मध्ये ठेवून त्याच्याभोवती फेऱ्या घालायच्या. पुढच्या वर्षी त्यांनी फोन केला की वड सुकत चाललाय, पूजेला चालेल का. मी म्हटलं, देवाला विचारा, माझी वॉरंटी कुंडीपुरती आहे.

बोन्सायमध्ये एक प्रकार असतो, दगडावरचं झाड. झाड दगडावर बसलेलं आणि त्याची मुळं दगडाला बोटांसारखी धरून खाली मातीत उतरलेली. आपल्याकडे हे काम पिंपळ फुकट करतो. चिऱ्याच्या कुंपणावर, विहिरीच्या कठड्यावर, शाळेच्या छपराखाली. लोक पैसे देऊन तो पिंपळ औषध घालून मारतात आणि मग तेच दृश्य कुंडीत हवं म्हणून माझ्याकडे येतात. मला तक्रार नव्हती. पिंपळ, उंबर, पिंपरी ही झाडं दगड धरायलाच जन्माला आलेली. त्यांत माझं कौशल्य फारसं नसे. कौशल्य लागलं ते मयेकरांच्या झाडाला, आणि ते कमी पडलं.

दत्ताराम मयेकर हे बोटीवरचे सारंग. डेकवरची माणसं हाताखाली असणारा, दोर, नांगर, रंगकाम बघणारा. निवृत्त होऊन काही वर्षं झाली होती. माणूस उभा राहिला तरी पाय थोडे फाकून, जमीन हलेल या तयारीने. ते नर्सरीत आले, कलमांकडे ढुंकूनही न बघता बोन्सायच्या मांडवात शिरले आणि म्हणाले, "अप्पा, मेपल पाहिजे. दगडावरचं."

मी सांगितलं की, मेपल थंड मुलखातलं झाड आहे.

"ते मला सांगू नका. मी त्या मुलखात नांगर टाकलाय."

"मग तिथेच राहू द्या त्याला."

ते हसले नाहीत. बाकावर बसले आणि मग गोष्ट कळली. त्यांची मुलगी कॅनडात. तिच्या बाळंतपणाला मयेकरवहिनी गेल्या होत्या आणि तिथल्या खिडकीसमोर एक मेपल होतं. बाळ झोपलं की वहिनी त्या झाडाकडे बघत बसत. ते लाल होत गेलेलं त्यांनी रोज पाहिलं. परत आल्यावर त्यांच्या मूत्रपिंडांनी संप केला. आता दिवसाआड इस्पितळात मशीनवर, आणि पुन्हा विमानात बसायचा प्रश्न मिटला. एकदा मशीनवरून घरी येताना रिक्षात त्या म्हणाल्या होत्या, ते झाड आणखी एकदा बघायला हवं होतं.

"एवढंच म्हणाली," मयेकर म्हणाले. "मी जन्मभर बंदराबंदरांतून हिच्यासाठी सामान आणलं. घड्याळ, साड्या, टेपरेकॉर्डर. तिने कधी मागितलं नव्हतं काय. हे पहिलं."

मी त्यांना नीट समजावलं. मेपलला हिवाळा लागतो. थंडी पडली की ते पानं टाकतं आणि झोपतं. झोप पुरी झाली की मगच नवे डोळे, म्हणजे कोंब, फुटतात. आमच्या रत्नागिरीत डिसेंबरमध्येही पंखा लावतात. इथे ते झोपणार नाही, वर्षभर पानं काढत राहील आणि दोन-तीन वर्षांत दमून मरेल. शिवाय मुळांनी दगड धरायलाच पाच-सहा वर्षं लागतात. हा शेवटचा मुद्दा मी बोलून गेलो आणि मग वहिनींचा आजार आठवला. मयेकरांनाही तो कळला होता.

"लावा तर खरं," ते म्हणाले. "पुढचं पुढे."

मेपलची एक जात उष्णता थोडी सोसते. तीन टोकांचं लहान पान, जाड मुळं. हिमाचलातल्या एका नर्सरीतून ते रोप थंडीत, झोपेत असतानाच, पार्सलने मागवायचं ठरलं. त्याआधी दगड हवा होता. मयेकरांनी आरे-वारेच्या खडकाळ टोकावरून एक काळा दगड उचलून आणला. उभा, खाचांचा, दोन हातांत जेमतेम मावेल एवढा. म्हणाले, लग्नानंतर आम्ही दोघं याच खडकावर बसलो होतो.

वहिनी गाडीतच होत्या. काच खाली करून म्हणाल्या, "कधी बसलो? लग्नानंतर दहाव्या दिवशी तुम्ही बोटीवर. मी बसले होते, एकटी."

दगड चांगला होता, पण समुद्राचं मीठ प्यालेला. तसाच वापरला तर मुळं जळतात. म्हणून तो अख्खा पावसाळा मी त्याला पागोळीखाली ठेवला. छपराचं पाणी त्याच्यावर पडत राहिलं. मधून मधून मी जीभ लावून बघत असे. शेजारच्यांनी हे पाहिलं आणि माझ्या प्रकृतीबद्दल घरी चौकशी केली.

रोप आलं ते शिसपेन्सिलीएवढं, एक पान नसलेलं. मुळं धुऊन मोकळी केली, दगडाच्या खाचांतून एकेक खाली सोडली. ती दगडाला चिकटून राहावीत म्हणून बांधावी लागतात. पुस्तकात रॅफिया नावाचा धागा सांगितलेला असतो. मी केळीच्या सोपटाच्या पट्ट्या वापरल्या, जुने लोक कलमाला वापरत त्याच. मुळं जाड होईपर्यंत त्या कुजून जातात, काचत नाहीत. मग दगडासकट सगळं खोल डब्यात, गळ्यापर्यंत मातीत पुरायचं आणि विसरायचं. दर वर्षी वरची बोटभर माती काढायची. मुळांना हवा लागते, साल धरते आणि ती आणखी खाली पाणी शोधत जातात. सगळं तंत्र एवढंच आहे, की झाडाला वाटलं पाहिजे आपण आपल्या मर्जीने खाली चाललोय.

पहिलं वर्ष मी म्हटलं होतं तसंच गेलं. एप्रिलच्या वाऱ्यात पानांच्या कडा करपल्या. पावसाळ्यात बुरशी. आणि डिसेंबर आला तरी झाड पानं टाकेना. एखादं पिवळं पडे, त्याच्या बगलेतून लगेच दुसरं येई, आधीच्यापेक्षा लहान आणि फिकट. झोप न लागलेल्या माणसाचे डोळे दिसतात तसं ते झाड दिसत होतं. मयेकर रोज येऊन बघून जात. वहिनींना ज्या दिवशी मशीन, त्या दिवशी इस्पितळातून सरळ इकडे.

एके दिवशी ते आले ते घाईघाईने. बंदरावर त्यांच्या ओळखीच्या सुर्वेशेठचं मासळीचं कोल्ड स्टोरेज होतं. गोठवायच्या खोलीबाहेर एक लहान खोली, घरच्या फ्रिजइतकी थंड, बहुतेक रिकामी. "झाडाला हिवाळा पाहिजे ना?" मयेकर म्हणाले. "हिवाळा बंदरावर आहे."

मी हसलो, आणि मग हसायचं थांबलो, कारण त्यात चूक काढता येईना. झोपलेल्या झाडाला उजेड लागत नाही. लागते ती फक्त थंडी, सहा-आठ आठवडे. प्रश्न पानांचा होता. ती आपण होऊन गळत नव्हती, म्हणून आम्ही दोघं मयेकरांच्या ओटीवर बसून कात्रीने एकेक पान कापत बसलो. वहिनी खुर्चीवरून बघत होत्या.

"कोंबडी सोलताय काय?"

"पानगळ चाललीय," मयेकर म्हणाले.

"तिथे ती वाऱ्याने व्हायची. इथे दोन म्हातारे लागतात."

झाड सुर्वेशेठच्या खोलीत गेलं. बाहेर सुरमई आणि पापलेटाचे क्रेट, आत एक उघडं झाड. सुर्वेशेठला त्याचं भलतंच कौतुक. येणाऱ्या-जाणाऱ्याला दार उघडून दाखवत. फेब्रुवारीत झाड बाहेर काढलं, सावलीत ठेवलं, आणि पंधरवड्यात त्याला सगळीकडून एकदम डोळे फुटले. नवी पालवी तांबडी होती. खरी तांबडी. त्याच दिवशी मी कुंडी उचलून मयेकरांच्या ओटीवर, वहिनींच्या खुर्चीसमोर नेऊन ठेवली.

वहिनींनी खूप वेळ पाहिलं. म्हणाल्या, "मासळीचा वास येतोय." मग थोड्या वेळाने, "तिथे लाल होऊन गळायची. इथे लाल होऊन उगवतात. तुमचं सगळं उलटंच." पण त्या दिवशी त्यांनी खुर्ची आत नेऊ दिली नाही.

पुढची काही वर्षं हे असंच चाललं. डिसेंबरमध्ये कात्री, मग बंदर, मग तांबडी पालवी. दर वर्षी बोटभर माती कमी. दगड वर येत गेला आणि मुळं त्याच्या अंगावर दिसू लागली, आधी दोऱ्यासारखी, मग सुतळीसारखी. त्याच काळात वहिनी कमी होत गेल्या. हाताच्या शिरा फुगल्या, आवाज बारीक झाला, मशीनवरून आल्यावर झोपूनच असत. एकच गोष्ट वाढत होती आणि ती आमच्या कुंडीत होती. मयेकर त्यात काही संबंध लावू लागले होते हे मला दिसत होतं. झाडाने दगड पुरता धरला की झालं, असं काहीतरी ते म्हणत. म्हणजे काय झालं, ते सांगत नसत.

मग ते वर्ष आलं, ज्यात शेवटची माती काढून झाड उथळ थाळीत बसवायचं होतं. वहिनींच्या खाटेशेजारच्या खिडकीत जागा करून ठेवली होती. झाड नेहमीप्रमाणे बंदरावर झोपलं होतं.

त्या हंगामात आंबा लवकर आला. पहिल्या हापूसच्या मुहूर्ताच्या पेट्या मोठ्या पाहुण्यांच्या हाती द्यायचा समारंभ ठरला. त्यात ज्येष्ठ रोपवाटिकाधारक म्हणून माझाही सत्कार होता. सत्कार टाळण्याची कला मला कधी जमली नाही. आंबे अढीत घालून पाहुण्यांच्या तारखेला बरोबर पिकवले. पाहुण्यांनी तारीख पुढे ढकलली. मग आणखी ढकलली. पिकलेला आंबा कोणाची वाट बघत नाही. समितीत सुर्वेशेठ होते. त्यांनी पेट्या आपल्याकडे नेल्या.

अखेर समारंभ झाला. पाहुणे आंब्याविषयी बोलले, मातीविषयी बोलले, आणि आंबा न खाता गेले, कारण त्यांना साखर होती. मी खांद्यावर शाल आणि हातात नारळ घेऊन उभा असताना सुर्वेशेठ शेजारी येऊन आनंदाने म्हणाले, "अप्पा, पेट्या कुठे ठेवल्या होत्या माहीत आहे काय? तुमच्या झाडाजवळ. फोटोपण काढला. झाड नि आंबे, दोन्ही आपलेच."

बाहेरच्यांसाठी सांगतो. पिकणाऱ्या आंब्यातून एक वायू सुटतो, त्याला ना रंग ना वास. त्यानेच अढीतले शेजारचे आंबे पिकतात. कच्चं केळं पिकल्या आंब्याजवळ ठेवलं की ते पिकतं, हे इथल्या कुठल्याही स्वयंपाकघरात माहीत असतं. झोपलेल्या झाडाच्या डोळ्यांना मात्र तो वायू सोसत नाही. बंद खोलीत तो साठला की डोळे आतल्या आत मरतात. परदेशी पुस्तकांत ताकीद असते, थंड खोलीत रोपं सफरचंदांजवळ ठेवू नका. आंब्याबद्दल कोणी लिहिलेलं नाही. मेपल आणि हापूस एका खोलीत ठेवणारी माणसं जगात दुसरीकडे नसावीत.

सुर्वेशेठना हे मी नंतर सांगितलं, दोष न देता. त्या माणसाने सगळ्यात स्वच्छ, बिनवासाची, मानाची जागा शोधली होती.

मी शालीसकट बंदरावर गेलो. झाड वरून होतं तसंच होतं. आम्ही ते मयेकरांच्या घरी आणलं, सावलीत ठेवलं आणि वाट बघितली. डोळे थोडे फुगले, मग काळे पडले आणि बोट लावताच गळाले. झाड जिवंत आहे का हे बघायची एक रीत आहे. नखाने साल किंचित खरवडायची. खाली हिरवं दिसलं तर जीव आहे. शेंड्याला तपकिरी होतं, फांद्यांना तपकिरी, बुंध्याशी थोडं हिरवं. काही दिवसांनी बुंध्याशीही तपकिरी. मुळं तेवढी दगडाला घट्ट धरून होती. इतकी सुरेख पकड मी कधी तयार केली नव्हती आणि पुढे करणार नाही.

मी मयेकरांना कुंपणाशी नेऊन सांगितलं.

"तिला नका सांगू," म्हणाले. "यंदा उशीर होतोय म्हणा."

झाड थाळीत बसवून खिडकीत ठेवलं. मी वहिनींना म्हटलं, यंदा उशीर होतोय. त्या म्हणाल्या, होतो कधी कधी. मयेकर रोज सकाळी झारीने पाणी घालत, पानांवर शिंपडावं तसं फांद्यांवर शिंपडत.

पुढच्या खेपेला मयेकर चहा टाकायला आत गेले तेव्हा वहिनींनी मला जवळ बोलावलं. हात वर करून अंगठ्याचं नख दाखवलं. नखाखाली तपकिरी भुसा होता.

"तुम्ही खरवडता तसं मी पण बघितलं," त्या म्हणाल्या. "त्यांना बोलू नका मला कळलंय म्हणून."

मी आतल्या दाराकडे पाहिलं.

"ऐका. जन्मभर बोटीवर होते. घरात काय करायचं हे त्यांना ठाऊक नाय. मी मशीनवर, नि हे बाहेर बाकड्यावर बसून. झाड होतं म्हणून उठून बंदरावर तरी जायचे, तुमच्याकडे यायचे, कोणाशी बोलायचे." दम लागला म्हणून त्या थांबल्या. "मला काय करायचंय झाड. मी एकदा बघितलंय. मी एक शब्द बोलले रिक्षात, त्याचं यांनी एवढं केलं."

चहा आला. आम्ही तिघांनी उशिरा येणाऱ्या पालवीबद्दल बोलत तो प्यायला. अशी खोटी संभाषणं मी समारंभांत पुष्कळ ऐकली आहेत आणि त्यांना हसलोही आहे. त्या दिवशी मी सगळ्यांत जास्त बोललो.

वहिनी ज्येष्ठात गेल्या. मशीनवरून आल्या, झोपल्या आणि उठल्या नाहीत. मुलगी दिवसांना कॅनडाहून आली. खिडकीतल्या वाळक्या झाडाकडे बघून तिने हे काय म्हणून विचारलं. आईचं मेपल, मयेकर म्हणाले. तिला वाईट वाटलं, पण तिला त्याचं एवढं नवलही वाटलं नाही. म्हणाली, आमच्याकडे ही पन्हाळीतसुद्धा उगवतात, बाबा. आम्ही उपटून टाकतो. मग ती परत गेली.

पावसाळ्यात मी दोन-तीनदा मयेकरांकडे गेलो. दगड परत समुद्रावर नेऊन ठेवू या, असं मी एकदा सुचवलं. मुळं काढायला गेलो तर एकही सुटेना. ती तोडावी लागली असती. मयेकरांनी माझा हात बाजूला केला आणि थाळी परत खिडकीत ठेवली.

डिसेंबरमध्ये त्यांचा फोन आला.

"अप्पा, केव्हा न्यायचं?"

"कुठे?"

"बंदरावर."

तेच पुढे म्हणाले, "तुम्ही सांगितलंत ते माझ्या ध्यानात आहे. मेलंय. मी काय आंधळा नाय. पण डिसेंबर लागला की मी काय करू, ते सांगा."

मी गेलो. पानं कापायचं काम यंदा नव्हतं, त्यामुळे ओटीवर बसायचं कारण नव्हतं, तरी आम्ही बसलो. दोघांच्या मधोमध झाड, आणि वहिनींची खुर्ची जागच्या जागी. मग रिक्षा केली. मयेकरांनी थाळी मांडीवर घेतली. बंदरावर सुर्वेशेठ दारात वाट बघत होते. बाहेर मासळीच्या क्रेटांवर बर्फ फोडणं चाललं होतं. लहान खोली धुऊन पुसून ठेवली होती, मधोमध एक लाकडी पाट होता. सुर्वेशेठनी दारावर नवीन पाटी रंगवून घेतली होती. निळ्यावर पांढरी अक्षरं, एकही चूक नसलेली: 'या खोलीत आंबा ठेवू नये.'

मयेकरांनी झाड पाटावर ठेवलं, दगडाची उभी बाजू दाराकडे केली. बाहेर येऊन पाटी वाचली, दार लावलं आणि बोटीवरचं दार ओढून बघतात तसं कडी धरून जोराने ओढून बघितलं. हललं नाही.

"आता काळजी नाय," ते म्हणाले.